शैलाकाकूंचं जपानी

कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आमच्या टाउनहाउसच्या भिंती पातळ होत्या. शेजारी कुकरची शिट्टी झाली की आमच्याकडे कुणीतरी गॅस बंद करायला उठायचं. राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी भिंतीपलीकडून एका बाईंचा खणखणीत आवाज आला.

"खोटं! साफ खोटं! असं बोललाच नाही तो!"

मग पुन्हा, "अरे, हात जोडून माफी मागतोय तो तिची. आणि तुम्ही काय लिहिलंय? 'सॉरी'? पायावर पाय पडल्यावर म्हणतात ते सॉरी?"

मी आणि माझा नवरा एकमेकांकडे बघत राहिलो. मराठी शेजार मिळाला म्हणून आनंद मानायचा, की दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकलं म्हणून ओशाळायचं, कळेना.

दुसऱ्या दिवशी पत्रपेटीपाशी त्या भेटल्या. सत्तरीच्या घरातल्या, बुटक्या, बॉबकट केलेले पांढरे केस, पंजाबी ड्रेसखाली धावायचे बूट. त्यांनीच विषय काढला.

"काल आवाज आला असेल ना तुम्हाला? भांडण नव्हतं हो. मी टीव्हीशी बोलत होते. आमचे हे म्हणतात, तू टीव्हीशी बोलतेस म्हणून तर आपला संसार टिकला."

या शैलाकाकू बर्वे. माहेर पुण्याचं, सासर पुण्याचं, आणि उरलेलं सगळं आयुष्य कॅलिफोर्नियातलं. टीव्हीवर त्या ॲनिमे बघायच्या, म्हणजे जपानी चित्रमालिका. कानाने जपानी ऐकायचं, डोळ्यांनी खालची इंग्रजी अक्षरं वाचायची आणि दोन्ही जुळलं नाही की अक्षरं लिहिणाऱ्याला फैलावर घ्यायचं, हा त्यांचा रोज संध्याकाळचा कार्यक्रम. मी एकदा भाबडेपणाने "ही जपानी कार्टून्स ना?" असं विचारलं. काकूंनी रिमोट खाली ठेवला.

"कार्टून म्हणजे उंदीर-मांजर. यात माणसं प्रेमात पडतात, परीक्षेत नापास होतात, आईवर चिडतात, मरतात. कार्टून म्हणे!"

अरुणकाका कोपऱ्यात लॅपटॉपवर क्रिकेट बघत बसलेले असत. ते चिप डिझाइन करणाऱ्या कंपनीतून निवृत्त झालेले. मान वर न करता म्हणाले, "मी हा शब्द लग्नानंतर एकदाच वापरला होता."

हळूहळू मला कळलं, की आमच्या शेजारच्या या बाईंना एका विशिष्ट जगात फार मान आहे. कधी शनिवारी त्यांच्या दाराशी साठी ओलांडलेले, पोट सुटलेले, विटका टी-शर्ट घातलेले अमेरिकन गृहस्थ उभे असत आणि दार उघडताच वाकून "काकू!" म्हणत. नुसतं काकू. ते होते डग. अरुणकाकांचे एकेकाळचे लॅबमधले सहकारी. सगळी गोष्ट त्यांच्यापासून सुरू होते.

काकू लग्न करून इथे आल्या तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरीची परवानगी नव्हती. काकूंना गाडीही चालवता येत नव्हती. अरुणकाका सकाळी निघाले की संध्याकाळपर्यंत काकू, भाड्याचं अपार्टमेंट आणि खिडकीतून दिसणारी पार्किंगची जागा. "मी गाड्या मोजायचे गं," त्या मला म्हणाल्या होत्या. "लाल किती, पांढऱ्या किती. एक दिवस हे घरी आल्यावर मी बोलायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते ना. त्या दिवशी घाबरले."

पुण्यात त्या जपानी शिकल्या होत्या. त्यालाही मोठं कारण नव्हतं. आईला त्यांना शिवणक्लासला घालायचं होतं आणि जपानीचा वर्ग नेमका त्याच वेळेला होता. शिवण टाळायला म्हणून गेल्या आणि भाषेच्या प्रेमात पडल्या. पार परीक्षा देऊन आल्या. अमेरिकेत त्याचा उपयोग काय, हा प्रश्न कुणी विचारला नाही आणि त्यांनीही कुणाला सांगितलं नाही.

एकदा डग जेवायला आले होते. बोलता बोलता म्हणाले, आम्हा काही मित्रांचा एक क्लब आहे, कॉलेजच्या एका हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी जमतो. जपानमधला एक पत्रमित्र तिथल्या टीव्हीवरच्या मालिका व्हिडिओ कॅसेटवर उतरवून पाठवतो, त्या आम्ही बघतो. एका कॅसेटची दुसरी, दुसरीची तिसरी अशा प्रती काढून पोस्टाने देशभर पाठवतो. तिसऱ्या प्रतीत चित्र इतकं खराब होतं, की चेहऱ्यांवर बर्फ पडायला लागतो, पण लोक बघतात.

"आणि भाषा?" अरुणकाकांनी विचारलं.

"भाषा कुणालाच येत नाही. आम्ही अंदाज करतो. कोण कुणाचा भाऊ यावर आमची भांडणं होतात."

"शैलाला जपानी येतं," अरुणकाका आमटी वाढून घेत म्हणाले.

डग ताटावरून उठले, तसेच उष्ट्या हाताने बाहेर गेले आणि गाडीतून कॅसेट घेऊन आले. हा प्रसंग मी काकूंकडून आणि डगकडून वेगवेगळा ऐकला आहे. डग म्हणतात, मी हात धुतले होते. काकू म्हणतात, मुळीच नाही, कॅसेटवर आमटीचा डाग होता.

त्या रात्री काकूंना जेमतेम निम्मं कळलं. वर्गात त्या "हे पुस्तक आहे, ते स्टेशन आहे" असं जपानी शिकल्या होत्या. इथे यंत्रमानवाच्या पोटात बसलेली पोरं किंचाळत होती. पण पुढच्या शनिवारी त्या हॉलवर गेल्या. टीव्हीशेजारी उभ्या राहिल्या आणि एकीकडे चित्र चालू असताना इंग्रजीत सांगू लागल्या, कोण काय म्हणतंय, का म्हणतंय. मध्येच कॅसेट थांबवायला लावून, जपानी घरात शिरताना चपला का काढतात ते समजावलं. "आमच्याकडेही काढतात," असंही ठणकावून सांगितलं. पंचवीस-तीस मुलं जमिनीवर मांडी घालून ऐकत होती. कीर्तनाला बसावं तशी.

"संपल्यावर टाळ्या वाजल्या," काकू म्हणाल्या. "मी आधी मागे वळून बघितलं, कुणासाठी वाजतायत म्हणून."

नाव विचारल्यावर त्यांनी 'मिसेस बर्वे' सांगितलं, ते कुणाला जमेना. शेवटी एका मराठी विद्यार्थ्याने काकू अशी हाक मारली आणि तीच सगळ्यांनी उचलली. काकूंना त्याची फार गंमत वाटायची. "जपानीत 'काकु' म्हणजे लिहिणे. ह्या पोरांना वाटायचं ही माझी पदवी आहे. मी कशाला दुरुस्त करू?"

आणि खरंच लिहिणं आलंच. डगनी कॉम्प्युटर आणि व्हिडिओ यंत्र जोडून पडद्यावर अक्षरं उमटवायची सोय केली, आणि काकूंचं डायनिंग टेबल कारखाना झालं. काकू ऐकून इंग्रजी सांगायच्या, रोझा नावाची नर्सिंगची विद्यार्थिनी ते टाइप करायची, आणि पात्राने तोंड उघडलं की नेमक्या क्षणी डग बटण दाबायचे. काकूंचा एकच नियम होता: "शब्द सांगू नका, माणूस काय म्हणतोय ते सांगा."

या नियमापायी एक भांडण क्लबच्या इतिहासात अमर झालं आहे. जपानी माणूस घरातून निघताना जे म्हणतो त्याचा अर्थ 'जातो' असा नाही, 'जाऊन येतो' असा आहे. रोझाने लिहिलं, 'बाय'. काकू अडून बसल्या.

"जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. आमच्या घरी कुणी असं म्हणालं तर माझी आई त्याला परत आत बोलावून बसवायची. तो पोरगा लढाईला निघालाय आणि आईला सांगतोय, मी परत येणार आहे. तू 'बाय' लिहिलंस तर ती आई काय ऐकणार?"

"पण काकू, इंग्रजीत असं कुणीच बोलत नाही," रोझा म्हणाली.

"नसेल बोलत. तो बोलतोय ना?"

दोन तास वाद झाला. पडद्यावर अखेर 'मी जाऊन येतो' असंच उमटलं, तोडक्यामोडक्या इंग्रजीत. देशभरच्या क्लबांतून त्यावर पत्रं आली, काही थट्टेची. पण एका बाईंनी लिहिलं होतं, की माझा मुलगा सैन्यात आहे, आता आम्ही फोन ठेवताना हेच म्हणतो. काकूंनी ते पत्र रोझाला दिलं. वादात ती हरली होती, म्हणून तिलाच द्यावंसं वाटलं, असं त्या म्हणाल्या.

क्लबचा आणखी एक अलिखित नियम होता. कॅसेट विकायच्या नाहीत, आणि एखादी मालिका इथल्या कंपनीने रीतसर विकत घेतली की त्या दिवसापासून आपली प्रत बंद. एका मालिकेवर काकूंचा फार जीव जडला होता. बेटावर होडी चालवणाऱ्या मुलीची गोष्ट. काकूंनी ती वर्षभर खपून इंग्रजीत उतरवली, आणि शेवटचे दोनच भाग राहिले असताना बातमी आली, की एका कंपनीने हक्क घेतले. मुलगी घरी परतते की नाही हे कुणालाच कळलं नव्हतं. क्लबमध्ये गलका झाला. डगसारखा सरळ माणूसही म्हणाला, दोनच तर भाग आहेत, करून टाकू, कुणाला कळणार आहे!

काकू म्हणाल्या, "मला कळेल."

त्यांच्यापुरतं सोपं होतं, कॅसेट घरात होती, त्या ती स्वतः बघू शकत होत्या. पण त्यांनी तीही बघितली नाही. "सगळे थांबलेत आणि मी एकटीच पुढचं पान वाचून ठेवायचं? छे."

पुढे कंपनीची कॅसेट बाजारात आली. सगळे बर्व्यांच्या घरी जमले आणि पहिल्या पाच मिनिटांत काकू ओरडू लागल्या. मुलीचं नाव बदललं होतं. भाताच्या मुटक्यांना सँडविच म्हटलं होतं. तिच्या आजीला शेजारीण करून टाकलं होतं. काकूंनी सोमवारी सकाळी कंपनीला फोन लावला. तोवर ग्रीन कार्ड आलं होतं, गाडी चालवता येत होती, लेक मेघना शाळेत जाऊ लागली होती. फोनवर त्या एका माणसाला पाऊण तास आजी आणि शेजारीण यांतला फरक समजावत होत्या. त्या माणसाने शेवटी थकून विचारलं, "मॅडम, तुम्ही हे काम आमच्यासाठी करता का?"

काकूंनी रिसीव्हरवर हात ठेवून अरुणकाकांना विचारलं, "अहो, पगार देतात म्हणतायत. घेऊ का?"

वीस-बावीस वर्षं त्यांनी ते काम केलं. मालिका संपली की शेवटी धावत जाणाऱ्या नावांत त्यांचं नाव असे. अरुणकाका क्रिकेट सोडून तेवढ्यापुरते उठून येत आणि ते नाव जाईपर्यंत उभे राहत.

हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं ते माझ्या मुलीमुळे. आम्ही तिथे राहायला गेलो तेव्हा ईरा नऊ वर्षांची होती आणि मराठीत बोललेल्या प्रत्येक वाक्याला तिचं इंग्रजीत उत्तर असे. नागपूरहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला की "हाय आजी, आय हॅव होमवर्क" म्हणून पळायची. आई फोन ठेवताना मला म्हणायची, "तिला सांग, आजीचं इंग्लिश शिकणं सुरू आहे."

ईराच्या कानात सदैव हेडफोन आणि हेडफोनमध्ये ॲनिमे. एक दिवस ती काकूंकडे गेली आणि म्हणाली, "काकू, कॅन यू टीच मी जॅपनीज?"

"शिकवीन की," काकू म्हणाल्या. "पण मी मराठीतून शिकवते. मला दुसरं येत नाही."

हे धडधडीत खोटं होतं.

"व्हाय मराठी?"

"बस इथे. जपानीत 'वाताशी वा' म्हणजे मी. 'रिंगो ओ' म्हणजे सफरचंद. 'ताबेरु' म्हणजे खाते. ओळीने सांग."

"मी... सफरचंद... खाते."

"जसंच्या तसं बसलं की नाही? आता इंग्रजीत सांग. बघ, खाणं मध्येच घुसलं. इंग्रजीतून गेलीस तर दर वाक्याला कोलांटी उडी मारावी लागेल. आता प्रश्न विचारायचा असेल तर जपानी माणूस शेवटी काय लावतो माहितीये? 'का'. ताबेरु का?"

ईराने डोळे मोठे केले. "खाते... का? सीरियसली?"

"सीरियसली."

त्यानंतर दर मंगळवार-गुरुवार भिंतीपलीकडून दोन आवाज येऊ लागले. ईराचं मराठी सुरुवातीला फार विनोदी होतं. ती काकूंना "तू बसतोस का?" असं विचारायची आणि काकू तोंडावर हसू येऊ न देता "हो, बसतो" म्हणायच्या. वर्षभरात ती माझ्या आईशी फोनवर भांडू लागली. भाकरीला जपानीत शब्द का नाही, यावर. आई तो फोन ठेवताना रडली आणि मला म्हणाली, "त्या बाईंना माझा नमस्कार सांग."

एवढं सगळं असून काकू जपानला कधी गेल्या नव्हत्या. कारणं त्यांच्याकडे तयार असत. आधी व्हिसा, मग मुलगी लहान, मग काकांची बायपास. डग आणि रोझा दर दोन वर्षांनी जाऊन येत आणि दर वेळी विचारत. काकू म्हणायच्या, "पुढच्या वर्षी बघू." डग निवृत्त झाले तेव्हा त्यांनी सरळ तिकिटांचा विषय काढला आणि काकू चक्क चिडून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी मागोमाग गेले. त्या ओटा पुसत होत्या, पुसलेलाच पुन्हा.

"प्राजक्ता, तुला एक सांगते. हसू नकोस. क्लबमध्ये जायला लागले त्या पहिल्या वर्षी मी सॅन होजेच्या जपानी वस्तीत एका दुकानात गेले होते. म्हटलं, आपण जपानी बोलू. गल्ल्यावर माझ्या आईच्या वयाच्या बाई होत्या. मला तोफू हवा होता. आता वर्गात सरांनी किती नम्र भाषा शिकवली होती! पण महिनोन् महिने मी ती लढाईची पोरं ऐकत होते ना. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? 'ए म्हातारे, तोफू काढ!'"

मला हसू आवरेना.

"तू हसतेस तशाच त्या हसल्या. अगदी प्रेमाने हसल्या गं. दुकानातल्या सगळ्यांना बोलावून सांगितलं त्यांनी. तोफू फुकट दिला. पण मी जी बाहेर आले ती आले. चाळीस वर्षं झाली, जपानी माणसासमोर मी जपानीचा एक शब्द उच्चारलेला नाही. कंपनीतही सगळं इंग्रजीत. माझं जपानी टीव्हीसमोरचं आहे, प्राजक्ता. जिवंत माणसासमोर ते चालत नाही. तिथे गेले आणि कुणालाच कळलं नाही तर? मग मी आयुष्यभर केलं काय?"

दारात ईरा उभी होती. कधी आली होती कोण जाणे. ती म्हणाली, "काकू, माझं मराठी पण चुकतं. आजी हसते. मग मी परत बोलते."

काकूंनी ओट्यावरचं फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. मग बाहेर जाऊन डगना म्हणाल्या, "खिडकीची सीट मला हवी."

त्याच सुमारास माझ्या टीमची बदली दुसऱ्या राज्यात, ऑस्टिनला झाली. काकू तीन आठवड्यांनी परतणार तेव्हा आम्ही फ्रीमाँट सोडलेलं असणार होतं. आता दर रविवारी व्हिडिओ कॉलवर ईराचा तास चालतो, काकूंचा आवाज इथल्या जाड भिंतींतूनही स्वयंपाकघरापर्यंत येतो. पण त्यांना समोर पाहिलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर, तेच शेवटचं.

आम्ही सगळे पोचवायला गेलो होतो. काकांचे गुडघे दुखतात म्हणून ते जाणार नव्हते. काकू, डग आणि रोझा सिक्युरिटीच्या रांगेत शिरले आणि आम्ही दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. काकू पर्सचा बंद एकसारखा नीट करत होत्या.

त्यांच्या पुढे एक जपानी आजी होत्या, एकट्याच. मुलीकडे येऊन परत निघाल्या असाव्यात. त्यांच्या बॅगेतून अधिकाऱ्याने एक छोटीशी बरणी काढली आणि काहीतरी विचारलं. आजींना कळेना. त्याने मोठ्याने विचारलं. आजींनी आणखी घाबरून बरणी छातीशी धरली. रांग थांबली. मागून कुणीतरी उसासा टाकला.

डगनी काकूंकडे बघितलं. रोझानेही. काकूंनी पर्स खांद्यावर सरकवली आणि दोन पावलं पुढे झाल्या.

काकूंचा आवाज कुठेही लपत नाही. दोरीपर्यंत नीट ऐकू येत होता. अरुणकाका माझ्या दंडाला धरून म्हणाले, "काय म्हणतेय ती? कुणीतरी सांगा ना."

ईरा दोरीवर ओणवी झाली.

"काकू म्हणतायत, आजी, घाबरू नका. ते विचारतायत, यात काय आहे." मग ती थांबून ऐकत राहिली. "आजी म्हणतायत, लोणचं आहे. मुलीसाठी आणलं होतं, ती म्हणाली तूच घेऊन जा, म्हणून... म्हणून त्या रागावल्यात. मुलीवर."

काकूंनी अधिकाऱ्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने बरणी यंत्राखाली धरली, परत दिली. आजी कमरेत वाकल्या. काकूही वाकल्या. मग आजी भरभर काहीतरी बोलू लागल्या.

"आता?" काका म्हणाले.

"आजी विचारतायत, तुम्ही इतकं छान जपानी कुठे शिकलात?"

"मग? काय म्हणाली?"

ईरा हसायला लागली. "काकू म्हणाल्या, थोडं पुण्यात. बाकीचं टीव्हीवर."

पलीकडे आजींनी काकूंचा हात धरला होता आणि दोघी चालू लागल्या होत्या. डग आणि रोझा दोघींच्या पर्स, दोघींचे कोट सांभाळत मागून जात होते. काकूंचं बोलणं संपत नव्हतं. वळणापाशी पोचल्यावर त्यांनी हात उंचावून आजींना काहीतरी मोठं करून दाखवलं, बहुधा होडी, आणि त्या दिसेनाशा झाल्या.

"मागे वळून बघितलंसुद्धा नाही," अरुणकाका म्हणाले. त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि त्या वळणाकडे बघत, मोठ्या समाधानाने, आणखी थोडा वेळ उभे राहिले.